विश्लेषण : दम महिन्यात वाढतो, हाडाला वेळ लागतो... सैन्य भरतीची तयारी नेमकी कुठे चुकते?

कल्याणचा रिंगरोड, डोंबिवलीतील सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल, ठाण्यातील उपवन आणि येऊरचा पायथा... भरतीची जाहिरात आली की पहाटे पाचपासून या ठिकाणी धावणाऱ्या मुला-मुलींची संख्या वाढते. कोणी अग्निवीरसाठी, कोणी पोलीस शिपाई पदासाठी, तर कोणी दोन्हींसाठी घाम गाळत असते. यातील अनेक जण पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर धावू लागतात आणि महिना-दीड महिन्यात नडगी धरून बसतात. भरतीच्या भाषेत याला ‘शिन पेन’ म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यावर स्प्रे मारून पुन्हा धावणे सुरू होते. इथेच अनेकांची संधी हुकते. यामागे मेहनत कमी पडणे हे कारण नसते. शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने तयार होतात आणि हे गणित तयारीत धरलेलेच नसते.

भरतीच्या मैदानात काय मोजले जाते?

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. तिच्या मूळ नियमानुसार उमेदवाराचे वय साडेसतरा ते २१ वर्षे असावे लागते. पहिल्या वर्षापुरती ही मर्यादा २३ करण्यात आली होती. म्हणजे एका उमेदवाराला फार तर तीन-चार भरत्या मिळतात. २०२३ पासून लष्कराने आधी ऑनलाइन सामाईक प्रवेश परीक्षा आणि नंतर मैदानी मेळावा असा क्रम ठेवला आहे.

लष्कराच्या जनरल ड्युटी अग्निवीरांसाठी १.६ किलोमीटर धावणे साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण केल्यास ६० गुण मिळतात. बीमवर १० पुल-अप काढल्यास ४० गुण, तर सहाला १६ गुण आहेत. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि झिगझॅग बीमवर तोल सांभाळणे यात फक्त पात्र ठरावे लागते. महिला लष्करी पोलीस दलासाठी १.६ किलोमीटरची पहिल्या गटाची वेळ साडेसात मिनिटे असून सोबत लांब उडी आणि उंच उडी असते.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत क्रम उलटा आहे. आधी ५० गुणांची मैदानी चाचणी आणि मग लेखी परीक्षा. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे २० गुणांचे, तर १०० मीटर धावणे आणि गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांचे. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी पाच किलोमीटरची धाव आहे. नियम बदलू शकतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची जाहिरात वाचणे आवश्यक आहे.

साडेपाच मिनिटांत १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरचा प्रत्येक राउंड साधारण ८२ सेकंदांत. हा वेग ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर होतो. थोडक्यात, लष्कर आणि पोलीस शिपाई या दोन्ही भरत्यांत लागतो तो कमी अंतरावरचा वेग. तरीही तयारी करणारे बहुतेक जण रोज जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या मागे असतात.

दम आणि हाड यांचे वेळापत्रक वेगळे का?

नियमित धावायला लागल्यावर तीन-चार आठवड्यांत दम वाढल्याचे जाणवते. रक्ताचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते, स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरतात. हाडाचे काम मात्र संथ चालते. नवा ताण आला की शरीर आधी हाडाचा जुना, थकलेला भाग काढून टाकते. हे काम तीन-चार आठवडे चालते. त्या जागी नवे हाड भरून ते पक्के होण्यास त्यानंतर सुमारे तीन महिने लागतात. रस्ता नव्याने करताना आधी जुना थर उखडावा लागतो, तसेच हे आहे. उखडलेल्या रस्त्यावरून अवजड ट्रक सोडले तर काय होईल, याची कल्पना घोडबंदरवासीयांना वेगळी द्यायला नको.

म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या आसपास एक विचित्र परिस्थिती तयार होते. दम वाढलेला असतो, त्यामुळे उमेदवार अंतर आणि वेग दोन्ही वाढवतो. नेमके त्याच वेळी नडगीचे आणि पावलाचे हाड तात्पुरते कमजोर झालेले असते.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीवर पडतो. ६० किलो वजनाच्या मुलासाठी तो १२० ते १८० किलो झाला. मध्यम वेगाने पाच किलोमीटर धावताना साधारण पाच हजार पावले पडतात. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते. हाड तारेपेक्षा वेगळे आहे, कारण ते जिवंत असते आणि स्वतःची दुरुस्ती करते. पण त्याला दुरुस्तीसाठी वेळच दिला नाही, तर बारीक भेगा वाढत जातात. यालाच ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात.

सैन्यदलांचा अनुभव काय सांगतो?

हा आजार सैन्यातच पहिल्यांदा नोंदवला गेला. १८५५ मध्ये प्रशियाच्या लष्करातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांबच्या संचलनानंतर सैनिकांचे पाय सुजून दुखत असल्याचे वर्णन केले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर या दुखण्यामागे पावलाच्या हाडातील भेग असल्याचे स्पष्ट झाले. म्हणून त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव मिळाले.

इस्रायली लष्करातील २९५ नवप्रशिक्षणार्थींवर झालेला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात जवळपास ३१ टक्के जवानांना स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याचे आढळले. पुढे तिथे रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि संचलनाचे एकूण अंतर कमी केले. त्यानंतर हे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले.

अमेरिकेच्या मरीन कोअरने सॅन दिएगो येथील १२ आठवड्यांच्या प्रशिक्षणात धावण्याचे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी करून पाहिले. स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून अधिक कमी झाले. तीन मैलांच्या अंतिम धावेची वेळ मात्र जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढली. ठरावीक मर्यादेपलीकडे धावण्याचे अंतर वाढवल्याने फायदा थोडा होतो आणि दुखापती मात्र वाढतात, असा त्याचा अर्थ.

आणखी दोन समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत. ऑस्ट्रेलियन लष्करात दीड हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थींवर झालेल्या चाचणीत, व्यायामाआधी केलेल्या स्ट्रेचिंगने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. त्याच अभ्यासात मुळात तंदुरुस्ती कमी असलेल्यांना दुखापतीचा धोका जास्त असल्याचे दिसले. अमेरिकी सैन्यदलांत पायाच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिले, त्यानेही दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणजे महागडे बूट हा घाईवरचा उतारा नाही.

थकवा आणि ओव्हरट्रेनिंग यात फरक कसा करायचा?

चांगल्या व्यायामानंतर थकवा येतोच. तो एक-दोन दिवसांत उतरतो आणि पुढच्या आठवड्यात वेळ थोडी सुधारते. थकवा साचत गेला की चित्र उलटे होते. मेहनत तेवढीच किंवा जास्त असूनही १६०० मीटरची वेळ वाढत जाते. अंग दुखत असूनही झोप लागत नाही, भूक मंदावते, चिडचिड होते, सर्दी-खोकला वारंवार होतो.

यासाठी घरच्या घरी करता येणारी तपासणी म्हणजे सकाळची नाडी. उठल्यावर अंथरुणातच मिनिटभर ठोके मोजून वहीत लिहावेत. दोन आठवड्यांत स्वतःचा नेहमीचा आकडा कळतो. तो सलग तीन-चार दिवस आठ-दहा ठोक्यांनी जास्त आला, तर ते दिवस हलके ठेवावेत. वहीत झोपेचे तास, धावलेले अंतर आणि कुठे दुखते हेही लिहिले, तर चूक कुठल्या आठवड्यात झाली ते नंतर शोधावे लागत नाही.

सोळा आठवड्यांची तयारी कशी आखावी?

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी ही एक साधी रूपरेषा आहे. आधीपासून खेळणाऱ्याने ती आपल्या पातळीनुसार बदलावी. आधीचा आजार किंवा दुखापत असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. २० ते २५ मिनिटे चालणे आणि हळू धावणे आलटून पालटून. सोबत धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकाच वेग. दोन दिवस ताकदीचे व्यायाम : बैठका, जोर, टाचा उचलणे, बीमला लटकणे. ज्यांना एकही पुल-अप निघत नाही त्यांनी स्टुलावरून वर जाऊन हळूहळू खाली येण्याचा सराव करावा.

पाचवा ते आठवा आठवडा : चार दिवस धावणे. त्यातील एक धाव थोडी लांब, ३५ ते ४० मिनिटांची. वेग अजूनही संथच. हाडांच्या दृष्टीने हा काळ नाजूक असल्याने मैदान, बूट आणि अंतर या तीन गोष्टी एकाच आठवड्यात बदलू नयेत. रिंगरोडच्या कडक रस्त्यावर सराव करणाऱ्याने मातीच्या मैदानावर जातानाही दोन आठवडे द्यावेत. येऊर किंवा मलंगगडाचा उतार धावत उतरणे या टप्प्यात टाळावे, कारण उतारावर पायावरचा भार वाढतो.

नववा ते बारावा आठवडा : आठवड्यातून एकच दिवस वेगाचा सराव. ४०० मीटरचे चार ते सहा राउंड, मध्ये दोन-तीन मिनिटे चालणे. बाकीचे दिवस संथ.

तेरावा ते सोळावा आठवडा : वेगाचा सराव आठवड्यातून फार तर दोनदा. पूर्ण १६०० मीटरची वेळ दोन आठवड्यांतून एकदाच तपासावी. रोज वेळ लावून धावणे म्हणजे रोज परीक्षा देणे. त्यात अभ्यासाला वेळ राहत नाही. शेवटचे दहा दिवस अंतर निम्मे करावे.

दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर एक तृतीयांशाने कमी करावे. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नये, असा एक नियम सांगितला जातो. पण तो जादूचे सूत्र नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हा नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या दोन्ही गटांत सुमारे २० टक्के जणांना दुखापत झाली. त्यामुळे टक्केवारीपेक्षा स्वतःच्या नडगीचे ऐकणे महत्त्वाचे.

झोप आणि आहाराचे काय?

ठाणे-कल्याण पट्ट्यातील उमेदवारांची खरी अडचण इथे आहे. अनेक जण दिवसा नोकरी किंवा कॉलेज करतात, गर्दीच्या लोकलमध्ये तास-दीड तास उभे राहून घरी येतात, रात्री लेखी परीक्षेचा अभ्यास करतात आणि पहाटे साडेचारला उठून ग्राउंड गाठतात. झोप चार-पाच तासांवर येते. हाड आणि स्नायूंची दुरुस्ती बऱ्याच अंशी झोपेत होते. ज्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली, त्या सकाळी वेगाचा सराव न करणे हाच शहाणपणा. धावणे संध्याकाळी हलवता येत असेल तर तेही चालते.

आहारासाठी महागड्या पावडरीची गरज नाही. भाकरी, भात, डाळ, उसळ, अंडी, दूध, दही, शेंगदाणे, केळी यांतून गरज भागू शकते. हाडांसाठी नाचणी उत्तम; १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अमेरिकी नौदलातील महिला प्रशिक्षणार्थींना कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे २००८ मधील अभ्यासात दिसले. मात्र गोळ्या तपासणी करून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. वजन उतरवण्यासाठी जेवण तोडून धावणे हा स्ट्रेस फ्रॅक्चरकडे जाणारा जवळचा रस्ता आहे.

मुलींनी याकडे अधिक लक्ष द्यावे. लष्करी प्रशिक्षणात महिलांमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळते. सराव वाढल्यावर मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर खाणे कमी पडत असल्याचा तो इशारा असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम वाढत नाही. त्यामुळे तयारीच्या पहिल्याच आठवड्यात रक्ततपासणी करून घेणे उपयोगाचे.

दमट हवा किती धोक्याची?

घाम सुकला तरच शरीर थंड होते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत एप्रिलपासून हवेत इतका दमटपणा असतो की घाम नुसताच वाहतो. अशा वेळी जोरात धावल्यास शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाऊ शकते. दमट उष्म्याची सवय व्हायला दहा ते १४ दिवस लागतात आणि त्या काळात वेग कमीच ठेवावा लागतो.

जून २०२४ च्या अखेरीस राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत पाच किलोमीटर धावल्यानंतर एका तरुणाचा मृत्यू झाला, तर इतर काही उमेदवारांना कळव्याच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावेदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांनी जीव गमावला. अशा घटनांमागे प्रत्येक वेळी एकच कारण नसते. पण धावताना चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे, छातीत दुखणे यापैकी काहीही झाले तर थांबणे, हा नियम सगळ्यांनाच लागू आहे. सोबतचा कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा.

पेनकिलर घेऊन धावण्याची पद्धतही घातक आहे. गोळीने दुखणे दबते, भेग तशीच राहते. शिवाय अंगातील पाणी कमी झालेले असताना काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. भरतीच्या काळात कोणी देऊ केलेले ‘ताकदीचे’ इंजेक्शन तर हातही लावण्यासारखे नसते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेले, धावताना सुरुवातीला जाणवणारे आणि नंतर कमी होणारे दुखणे बहुतेक वेळा साधे शिन पेन असते. अंतर कमी करून, एक-दोन आठवडे सायकल किंवा पोहण्याकडे वळून ते आटोक्यात येते. मात्र एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या जागी दुखत असेल, धावताना वाढत जात असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये भेग दिसेलच असे नाही. गरज वाटल्यास डॉक्टर एमआरआय सुचवतात. जोरदार व्यायामानंतर लघवी कोकमासारखी गडद झाली, तर स्नायू मोठ्या प्रमाणात तुटल्याचे ते लक्षण असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

वेळेत थांबल्यास नडगीचे स्ट्रेस फ्रॅक्चर बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. दुखणे दाबून धावत राहिल्यास हाड पूर्ण तुटू शकते आणि ते वर्ष हातचे जाते.

निवड झाली म्हणजे संपले का?

नाही. मैदानी चाचणी काही मिनिटांची असते, प्रशिक्षण अनेक आठवड्यांचे. नौदलाच्या अग्निवीरांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे होते. मार्च २०२३ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीने १६ आठवडे प्रशिक्षण घेतले. लष्करात निवडलेले मराठी तरुण बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्री केंद्र, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र अशा ठिकाणी जातात. तिथे धावण्याबरोबर कवायत, बूट घालून चालणे आणि पाठीवर वजन घेऊन संचलन असते.

निवडीचा निकाल आणि प्रत्यक्ष रुजू होणे यामध्ये काही आठवडे जातात. या काळात अनेक जण सराव पूर्ण बंद करतात. मग केंद्रात पहिल्याच आठवड्यात अचानक भार पडतो. त्याऐवजी आठवड्यातून तीन हलक्या धावा चालू ठेवाव्यात. एक दिवस पाठीवर पाच किलो वजन घेऊन अर्धा तास चालावे आणि ते हळूहळू दहा किलोपर्यंत न्यावे.

मग तयारी सुरू करायची कधी?

२०२५ मध्ये अग्निवीर भरतीची नोंदणी मार्च-एप्रिलमध्ये झाली, ऑनलाइन परीक्षा ३० जून ते १० जुलैदरम्यान आणि मैदानी मेळावे त्यानंतर. लेखी निकाल लागल्यावर धावायला सुरुवात करणाऱ्याच्या हाती मोजकेच आठवडे उरतात आणि हाडाचे वेळापत्रक त्यासाठी बदलत नाही. नोंदणीचा अर्ज भरला त्याच आठवड्यात चालणे-धावणे सुरू केले, तर सोळा आठवडे सहज मिळतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणी आधी असल्याने तिथे जाहिरातीची वाट पाहणेही परवडणारे नाही. आठवड्यातले तीन दिवस वर्षभर चालू ठेवले, तर तारीख जाहीर झाल्यावर फक्त वेग वाढवण्याचे काम उरते.